बंड्या कुठाय?

आमचा भाचा बंड्या बास गिटार वाजवतो. त्यांच्या बँडमध्ये गाणाऱ्याला टाळ्या, लीड गिटारवाल्याला शिट्ट्या आणि बंड्याला टेम्पोत सामान चढवण्याचं काम, अशी रीतसर वाटणी आहे.

पन्नास खुर्च्यांच्या एका हॉलमधला त्यांचा कार्यक्रम मी मोबाईलवर टिपला. ताईने तो दोनदा ऐकला आणि विचारलं, "सगळे ऐकू येताहेत रे, पण आमचा बंड्या कुठाय?" बंड्या शेजारीच बसला होता. त्याचा चेहरा पाहवेना. त्या क्षणी मी समीक्षक झालो.

ध्वनिमुद्रण पहिलं, हे मोबाईलचं. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते. तिची हवेतली लाट आठ मीटरहून लांब. छोट्या हॉलमध्ये ती भिंतींवर आपटून परत फिरते, कोपऱ्यात घुमते आणि मधल्या एखाद्या खुर्चीवर चक्क नाहीशी होते. मी बहुधा तीच मानाची खुर्ची पकडली होती. उरलंसुरलं मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरने गिळलं.

दुसऱ्या कार्यक्रमात गिटारची वायर डीआय नावाच्या डबीतून थेट मिक्सरला जोडली. सूर न् सूर स्पष्ट! 1960च्या दशकात अमेरिकेत मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनची बास अशीच थेट घेत. पण तो पडला स्टुडिओ. इथे ड्रम हॉलमध्ये, टाळ्या हॉलमध्ये आणि बंड्या जणू माळ्यावर कोंडलेला!

तिसऱ्या वेळी डीआय होतीच, शिवाय ॲम्पसमोर एक माइक. आवाज दुप्पट व्हावा, तर उलट बारीक झाला. एकीकडची लाट वर जाताना दुसरीकडची खाली येत होती. दोन भावांनी एकच कपाट समोरासमोरून ढकलावं, तसं. मग मिक्सरवरचं फेज उलटवायचं बटण दाबलं, आणि बंड्या प्रकट झाला.

समीक्षकाचा अभिप्राय एवढाच, की बास म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज. असतो तेव्हा कोणी 'वाहवा' म्हणत नाही. नसला की गाणं अधांतरी लोंबकळतं. छोट्या हॉलमध्ये तो टिपायचा, तर नुसती तार पुरत नाही, थोडी हवाही लागते.

तिसरं ध्वनिमुद्रण घरच्या जुन्या मोठ्या स्पीकरवर लावलं. ताई काहीच बोलली नाही. पण तिच्या पायाने ठेका धरला होता, आणि बंड्या तो पाय बघत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "पुढच्या कार्यक्रमालाही ये हं. ॲम्प फार जड आहे."