चारच्या आकड्याआड

अमेरिकेचे जनगणना खाते दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते. कोणत्या काउंटीत मतदानाच्या वयाचे नागरिक किती, हा त्याचा मुख्य विषय. त्यातला टेक्सासचा भाग आपण उलगडू या. काउंट्या २५४, त्यांतल्या लव्हिंगमध्ये २०२०च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे सापडली आणि ह्यूस्टनला कवेत घेणाऱ्या हॅरिसमध्ये ४७ लाखांहून अधिक.

लव्हिंगसारख्या विरळ वस्तीच्या ओळींवर जरा रेंगाळू. हा तक्ता घरोघरच्या शिरगणतीतून नव्हे, तर पाच वर्षांच्या नमुना पाहणीतून तयार होतो, आणि कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून त्यात एकापासून सातापर्यंत काहीही निघाले तरी 'चार'च लिहितात, त्यापुढचे आकडे पाचाच्या पटीत बसवतात. एवढ्या अवाढव्य यंत्रणेने चार-दोन माणसांच्या दारावर सोडलेला हा झिरझिरीत पडदा मला फार लोभस वाटतो. प्रत्येक आकड्याशेजारी संभाव्य त्रुटीचा रकाना असतो. कधीकधी तो मूळ आकड्यालाही मागे टाकतो. आपल्या अज्ञानाचे माप इतक्या निःसंकोचपणे मांडणारा सरकारी कागद विरळाच!

आता ओळी आडव्या वाचू: एकूण माणसे, प्रौढ, नागरिक आणि शेवटी प्रौढ नागरिक. सीमेवरच्या हिडाल्गोत पहिल्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतचा उतार तीव्र आहे, कारण तिथली घरे मुलाबाळांनी गजबजलेली आणि अनेक प्रौढांना नागरिकत्व न लाभलेले; उलट तळ्याकाठी निवृत्तांनी घरे बांधलेल्या लॅनोत पहिल्या रकान्यातून शेवटच्यात येताना फारसे कुणी गळत नाही. वॉकर काउंटीत मात्र तक्ता आपल्याला हळूच चकवतो. तिथल्या हंट्सव्हिलच्या तुरुंगांतले कैदी प्रौढ नागरिक म्हणून शेवटच्या रकान्यात बसतात, पण गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत असताना टेक्सासमध्ये मत देता येत नाही.

आणि फोर्ट बेंड. शुगर लँडच्या या काउंटीत मराठी घरेही आहेत, म्हणून इथे आपली नजर थोडी अधिक रेंगाळली तर ते क्षम्य मानावे. कामाच्या व्हिसावर आलेले एक जोडपे आणि तिथेच जन्मलेली त्यांची मुलगी असे एक घर डोळ्यांपुढे आणा: आईवडील प्रौढांच्या रकान्यात, लेक नागरिकांच्या रकान्यात, आणि शेवटच्या रकान्यात त्या घरातले कुणीच नाही. एकाच छपराखालचे कुटुंब दोन रकान्यांत असे वाटले जाते, आणि तक्ता वाचता वाचता त्या रेघांमधून आपल्याला जेवणाचे टेबल दिसू लागते.

मतदारसंघ समान करताना फक्त मतदारच मोजावेत, असा आग्रह धरून टेक्सासचे दोन मतदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१६ साली आठही न्यायमूर्तींनी त्यांच्या विरोधात कौल दिला: राज्याने एकूण लोकसंख्या धरली तरी चालते. फोर्ट बेंडच्या त्या घरातली तिन्ही माणसे पहिल्या रकान्यात आहेत.