पामरचे चांदणे आणि डिंकाचा थर

सॅम्युअल पामरच्या ‘द व्हॅली थिक विथ कॉर्न’ (1825) या चित्रावर मी पूर्वी एक टिपण लिहिले होते. त्यात ‘पिकल्या शेताचा सोनेरी रंग’ असे शब्द होते. ते आज मागे घेतो.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील हे चित्र सुमारे 18 सेंटिमीटर उंच आणि 27 सेंटिमीटर रुंद, म्हणजे एखाद्या वहीच्या पानाएवढे आहे. त्यात सोनेरी रंग नाहीच. टाकाने काढलेल्या तपकिरी रेषा, कुंचल्याने दिलेला सेपिया, त्यात मिसळलेला अरबी डिंक आणि वरून वार्निश, एवढीच सामग्री. सेपिया समुद्रातल्या माकुळासारख्या प्राण्याच्या शाईचा, तर डिंक आपल्या बाभळीच्या गोत्रातल्या झाडाचा. छापील प्रतीत मला जे ऊन वाटले, ती या थरांची झाक होती.

ही चूक कळल्यावर चित्र पुन्हा पाहिले. वर पूर्ण चंद्र आहे. खाली दाट कणसांत एक माणूस आडवा होऊन पुस्तक वाचतो आहे. चांदण्यात पुस्तक वाचता येत नाही, हे रात्री राखणीला बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय जवळचे कणीस आणि दूरची टेकडी सारख्याच ठसठशीतपणे रेखलेली आहे. डोळा असे पाहत नाही. असे पाहणे वीस वर्षांचा पामर ड्यूररच्या जुन्या मुद्राचित्रांतून शिकला होता. चित्राचे नाव आले आहे ते बायबलातील 65व्या स्तोत्रातून. म्हणजे हे खोरे पाहून नव्हे, वाचून घडवलेले आहे. तो वाचणारा माणूस हीच त्याची खूण.

हा भेद महत्त्वाचा का? पामरच्या चित्रांकडे सुखी इंग्रज खेड्याचा पुरावा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तो पुढे ज्या केंट परगण्यात राहिला, तिथेच 1830 मध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली. 1832 मध्ये पामरने पत्रक काढले, ते राजकीय सुधारणांच्या विरोधात.

चित्राचे मोल यामुळे उणावत नाही. ते प्रार्थना म्हणून खरे आहे, साक्ष म्हणून नाही. मी प्रार्थनेलाच साक्षीला उभे केले होते.