कादंबरीचे बीज

सांताक्रूझच्या आमच्या उर्दू शाळेतली मुले विचारतात, "सर, कादंबरी सुचते कुठून?" आम्ही अण्णाभाऊ साठ्यांचे नाव सांगतो. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या या लेखकाच्या 'फकिरा'चे (१९५९) बीज १९२० साली वाटेगावातच पडले होते. खजिना लुटून आलेल्या फकिराने त्यांच्या जन्मावेळी दोन ओंजळी सुरती रुपये घरी दिले, ही घरात ऐकलेली हकिकत. इंग्रजांच्या लेखी दरोडेखोर असलेला माणूस अण्णाभाऊंनी नायक केला. कृतज्ञतेपोटी तो जरा जास्तच निर्दोष उतरला, हे खरे. पण कादंबरीतली धग त्याच ऋणाची आहे.

आमच्या दादी-नानींनी दखनीत, कोकणीत सांगितलेल्या हकिकतीही ऋणच आहेत. उर्दूत असो वा मराठीत, ते आम्ही कधी फेडणार?