‘शक्ती’ ऐकताना: भेटीसाठी कोण किती शिकले?

‘संगीत जगाला जोडते’ हे वाक्य तुम्ही उत्तरपत्रिकेत कधी ना कधी लिहिले असेल. ते खोटे नाही; पण जोडले जाण्यासाठी कोणाला काय शिकावे लागले, हा प्रश्न त्यात राहून जातो. दोन ध्वनिमुद्रिका घेऊन तो विचारून पाहू.

पहिली १९६७ ची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’. पाश्चात्त्य अभिजात परंपरेतले थोर व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन येथे पंडित रविशंकर यांच्यासोबत तिलंग वाजवतात. सूर नितळ, आदर तर प्रत्येक स्वरात जाणवतो. पण तो पाहुण्याचा आदर आहे. त्यांचा भाग बराचसा आधी रचलेला. राग आयत्या वेळी फुलवण्याची जोखीम ते फारशी घेत नाहीत. सतारीने प्रश्न विचारावा आणि उत्तर पाठ करून आलेले असावे, असे काही ठिकाणी वाटते. त्याच तबकडीवर मेन्युहिन एनेस्कूची सोनाटा वाजवतात आणि रविशंकर स्वतंत्रपणे पूरिया कल्याण. मला विचाराल तर तिथले सर्वांत समर्थ वादन हेच: दोघेही आपापल्या घरी असतानाचे.

दुसरी १९७६ ची, ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची. जॉन मॅकलॉफलिन हे इंग्लंडचे जॅझ गिटारवादक. या संगीतासाठी त्यांनी वीणेचे शिक्षण घेतले होते, आणि गिटारही वेगळी घडवून घेतली: पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले, शिवाय तरफांसारख्या जादा तारा. पडद्यांमध्ये खोलगा असला की तार दाबून, ओढून मींड आणि गमक काढता येते. साध्या गिटारवर ते इतके सहज जमत नाही. म्हणजे येथे भेटीसाठी वाद्याचे अंगच बदलले.

मात्र या तबकडीतली खरी भेट मला दुसरीकडेच दिसते. झाकीर हुसेन यांचा तबला उत्तरेचा; विक्कू विनायकराम यांचा घटम् आणि एल. शंकर यांचे व्हायोलिन कर्नाटक परंपरेतले. बोल वेगळे, ताल मोजण्याची रीत वेगळी. एखादा बोलसमूह तीनदा घेऊन समेवर येणे मात्र दोन्हीकडे आहे, आणि त्या समेवर सगळे एकत्र उतरतात तेव्हा लंडन-मुंबई अंतरापेक्षा मुंबई-चेन्नई अंतर काही कमी नव्हते, हे ध्यानात येते. आपल्याकडे ‘जागतिक’ म्हटले की नजर थेट समुद्रापलीकडे जाते, त्याला काय करावे!

एक खटकणारी गोष्टही नोंदवून ठेवा. तबकडीचे नाव आहे ‘शक्ती विथ जॉन मॅकलॉफलिन’. वादन बरोबरीचे, पण मुखपृष्ठावर नाव आले ते एकाचेच. बाजाराला ओळखीचा चेहरा लागतो, एवढेच त्याचे कारण असावे.

आता पहिली रचना, ‘जॉय’, ऐका. सुमारे १८ मिनिटांची आहे. पहिल्यांदा गिटारकडे लक्ष जाईल. दुसऱ्यांदा हाताने ताल धरून फक्त घटम् ऐका.