रिकाम्या डब्याचं राजकारण

कोरियातल्या जोसॉन राजवटीचा राजा थेजोंग १४०४ साली शिकारीच्या नादात घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या त्यानं सोबतच्यांना बजावलं, की हे दरबारी इतिहासकाराला कळता कामा नये. इतिहासकारानं पडल्याची नोंद केलीच, वर राजानं असं बजावल्याचीही केली. २५ राजांच्या, ४७२ वर्षांच्या या नोंदी म्हणजे ‘सिल्लोक’. स्वतःच्या कारकिर्दीची नोंद वाचायची मुभा राजालाही नसे. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आपली दंतकथा तिथल्या दप्तरात घडवायची म्हटली असती, तर जडच गेलं असतं. कोरियन ऐतिहासिक मालिकांना, म्हणजे ‘सागुक’ना, कथानकं मिळतात ती मुख्यतः याच दप्तरातून.

सागुक म्हटलं की आधी विष आठवतं. चांदीचा चमचा काळा पडतो, दासी कोसळते, पडद्याआड कुणीतरी राणी ओठ चावते. मला हे बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण कट तर कुठल्याही मालिकेत शिजतो. कट करणाऱ्याला आणि कटात मरणाऱ्याला, दोघांनाही काही म्हणायचं आहे का, यावर मालिकेची पत ठरते. ही पारख करायला सर्वांत सोयीचा माणूस म्हणजे हाच थेजोंग, राजा होण्याआधीचा यी बांग-वॉन. मालिकावाले त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात.

बांग-वॉनच्या नावावर दोन मोठे खून आहेत. १३९२ मध्ये जुन्या गोर्यो राजवटीशी एकनिष्ठ राहिलेला जॉंग मोंग-जू, आणि १३९८ मध्ये नव्या जोसॉन राजवटीचा शिल्पकार जॉंग दो-जॉन. राजा जन्मानं ठरतो, तो शहाणा निघेल याची हमी नाही. म्हणून कारभार निवडलेल्या प्रधानाच्या हाती असावा, असं दो-जॉनचं म्हणणं. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, हे पाहिलेल्यांना ते चटकन कळेल. फक्त आपली पेशवाईही पुढं वंशानंच चालली. बांग-वॉनला दो-जॉनचं म्हणणं मान्य होणं शक्यच नव्हतं.

‘टिअर्स ऑफ द ड्रॅगन’ (१९९६–९८, १५९ भाग) मध्ये बांग-वॉन झाला होता यू दोंग-गन. २०१४ च्या ‘जॉंग दो-जॉन’मध्ये तोच नट बांग-वॉनचा बाप यी सॉंग-ग्ये म्हणून आला. माझ्या मते ही दुसरी मालिका या प्रकारातली सर्वांत पक्की. सुरुवातीच्या भागांतला यी इन-इम हा सत्तेचा मुरलेला व्यापारी आहे. तो आरडाओरडा करत नाही, समोरच्याची किंमत काढतो आणि मोजून देतो. ‘सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स’मध्ये (२०१५–१६) सहा नायकांपैकी तीन काल्पनिक, त्यामुळं तलवारबाजी फार. पण तिथला बांग-वॉन दो-जॉनला गुरू मानणारा पोरगा आहे, म्हणून पुढचा खून जिव्हारी लागतो.

त्याच लेखकांची आधीची ‘ट्री विथ डीप रूट्स’ (२०११) मात्र एका डब्यासाठी बघावी. थेजोंगचा मुलगा, तरुण सेजोंग, अंकांचा जादूचा चौरस मांडत बसलेला असतो. थेजोंग येतो, सगळे अंक उधळतो आणि मधे एकच ठेवतो: सुटलं कोडं, सत्तेला वाटेकरी नसतो. पुढं तो मुलाला जेवणाचा डबा पाठवतो. डबा रिकामा. म्हणजे मर, असा हुकूम. मुलगा मरत नाही, मोठा चौरस सगळे अंक जागेवर ठेवून सोडवतो. हाच सेजोंग पुढं १४४६ मध्ये २८ अक्षरांची लिपी जाहीर करतो, आणि तिला विरोध करायला दो-जॉनच्या विचारांची एक गुप्त संघटना उभी राहते. ती संघटना काल्पनिक आहे, पण तिचा युक्तिवाद ऐकताना आपणच क्षणभर डळमळतो.

अंतःपुराच्या मालिकांत हे क्वचित साधतं. राजा सुकजोंगनं एका गटाला उचलायचं, दुसऱ्याला आपटायचं, असं १६८०, १६८९ आणि १६९४ मध्ये केलं. ‘दोंग यी’त (२०१०, ६० भाग) तो भोळा प्रियकर होतो आणि सगळं पाप त्याची उपपत्नी जांग ही-बिनच्या माथी. २०१३ च्या ‘जांग ओक-जंग’नं तिला नायिका केलं खरं, पण राजा निसटला तो निसटलाच. ‘अंडर द क्वीन्स अंब्रेला’त (२०२२) किम हे-सू जबरदस्त आहे, पण राज्याचा प्रश्न तिथं क्लासच्या प्रवेशपरीक्षेएवढा उरतो.

‘द किंग ऑफ टिअर्स, ली बांग-वॉन’ (२०२१–२२) जुन्या वळणाची म्हणून मी उत्सुक होतो. सॉंग-ग्ये घोड्यावरून पडतो त्या दृश्यासाठी तिथं घोड्याच्या पायांना तार बांधून त्याला पाडलं. घोडा आठवड्याभरात मेला, चित्रीकरण बाहेर आलं, वाहिनीनं माफी मागितली, प्रक्षेपण काही काळ थांबलं. पडणं दाखवायचीच गरज नव्हती. सॉंग-ग्ये जायबंदी झाल्याचं कळताच मोंग-जूनं दो-जॉनसह त्याची माणसं एकेक करून कशी उचलली, खरा प्रसंग तो होता. त्याला एक बंद खोली आणि चार-पाच नट पुरले असते.