कांजूरची जमीन आणि ‘स्वायत्तते’ची अर्धी भाषा

संघराज्य म्हटलं की आपले वक्ते थेट दिल्ली गाठतात. आज आपण कांजूरमार्गला उतरू या. मुलुंडहून तिसरं स्टेशन.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. मेट्रो 3 ची कारशेड आरेत व्हायची होती. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. पुढे 2020 मध्ये ठाकरे सरकारने कारशेड कांजूरला न्यायची ठरवली. उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी 102 एकर जमीन एमएमआरडीएला दिली. केंद्र म्हणालं, ही मिठागराची जमीन, ही आमची. 16 डिसेंबर 2020 ला उच्च न्यायालयाची स्थगिती आली. 2022 मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत गेली.

यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. एका बाजूला ‘महाराष्ट्रावर दिल्लीचं आक्रमण’, दुसऱ्या बाजूला ‘मुख्यमंत्र्यांचा अहंकार’. माझी तक्रार दोघांविषयी आहे. दोघांनीही सार्वभौमत्व म्हणजे सातबारा असं धरलं. नाव कुणाचं, एवढाच प्रश्न.

आता राज्यघटना बघा. जमीन हा राज्यसूचीतला विषय, मिठाचं उत्पादन आणि त्यावरचं नियंत्रण केंद्रसूचीत. आणि मालकी? अनुच्छेद 294 सांगतो की इंग्रज राजाच्या नावाची जी मालमत्ता केंद्राच्या कारभारासाठी होती ती केंद्राकडे, प्रांताच्या कारभारासाठी होती ती राज्याकडे. म्हणजे मिठागर कुणाचं, हे ठरवायला आपण साहेबाचे दप्तर उघडतो! ज्या मुंबईने 1930 मध्ये वडाळ्याला मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या मुंबईत हे चाललंय.

परराष्ट्र धोरणही यात आहे, कुणी फारसं बोललं नाही. मेट्रो 3 ला जपानच्या ‘जायका’चं कर्ज आहे. अनुच्छेद 293 प्रमाणे राज्याला कर्ज काढता येतं ते भारताच्या हद्दीतच. परदेशी कर्ज केंद्रामार्फतच येणार. शिवाय मेट्रो 3 बांधणाऱ्या कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार. म्हणजे कांजूरच्या भांडणात केंद्र जमिनीचं दावेदार होतं, प्रकल्पातलं भागीदार होतं आणि कर्जाचं ऋणकोही होतं. याला ‘आक्रमण’ म्हणणं सोपं आहे. पण एवढ्या टोप्या एकाच डोक्यावर असताना राज्याशी वाटाघाट करायची कुठे, हा खरा घटनात्मक प्रश्न होता. तो बाजूला राहिला आणि आपण पक्ष मोजत बसलो.

आता स्वायत्ततावाल्यांना अडचणीचं विचारतो. 2019 मध्ये आरेत 144 कलम लावलं, निदर्शकांना, त्यात विद्यार्थीही होते, अटक झाली. ते पोलीस कुणाचे? राज्याचे. पोलीस राज्यसूचीत आहेत. तेव्हा राज्याचे अधिकार वाढले की माणसाचं स्वातंत्र्य आपोआप वाढतं, हे गृहीतक आरेच्या त्या रात्रीपुढे टिकत नाही. (टाळ्या नकोत, हे दोन्हीकडच्यांना लागू आहे.)

दुसरं. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टात पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. अनुच्छेद 243यू म्हणतो, पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं प्रशासक! दिल्लीने राज्याचा अधिकार घेतला की आपण चिडतो. राज्याने शहराचा घेतला तेव्हा अग्रलेख किती आले, सांगा.

याच काळात, 2024 मध्ये, कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे 255 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. चार वर्षांपूर्वी 102 एकरांवरून कोर्टात गेलेले केंद्र आणि राज्य यावेळी एकमताने. सरकारं जुळली, तंटा मिटला. पण जिथे पाणी साचतं, जिथे लोकलला आधीच उभं राहायला जागा नाही, त्या मुलुंडचा तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. सभागृहच नव्हतं.

आता 227 नगरसेवक निवडून आलेत. एमएमआरडीएच्या अध्यक्षपदी मात्र राज्याचे मंत्रीच आहेत. तुमच्या वॉर्डातला नगरसेवक भेटला तर त्याला मिठागरांबद्दल विचारा, आणि तो काय उत्तर देतो ते पुढच्या व्याख्यानाला येताना घेऊन या.