नागरी व ग्रामीण दारिद्र्य : भारत आणि चीनमधील धोरणांची तुलनात्मक चिकित्सा

प्रस्तावना

दारिद्र्याचे ग्रामीण व नागरी असे दोन भाग करून त्यांचा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत भारत व चीन या दोन्ही देशांत रूढ आहे. गणनेच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी पुढे धोरणाचीच चौकट बनली. गाव सोडून कामासाठी शहरात आलेल्या माणसाला या चौकटीत कोणते स्थान मिळते, या प्रश्नाच्या आधारे दोन्ही देशांतील धोरणांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दांडेकर-रथ यांची मांडणी

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई वार्षिक खर्चाची किमान पातळी ग्रामीण भागासाठी १८० रुपये व शहरी भागासाठी २७० रुपये मानली होती. त्यानुसार सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी जनता या पातळीखाली होती. शहरी दारिद्र्य हे मूलतः ग्रामीण दारिद्र्याचेच शहरात ओसंडलेले रूप आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्हीकडचा गरीब एकाच वर्गातला आहे, हा त्यातील विचार आजही मोलाचा आहे. मात्र त्यावरून उपाय केवळ गावातच योजावेत असा अर्थ काढल्यास तो अपुरा ठरतो. शहरात आल्यावर दारिद्र्याचे स्वरूप बदलते. घरभाडे, प्रवासखर्च, विकतचे पाणी आणि निवाऱ्याची अनिश्चितता यांचा भार त्यात नव्याने पडतो.

भारत : मोजमाप व हमी

हा भार मोजमापात किती धरला जातो, यावर शहरी गरिबांची संख्या अवलंबून असते. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीनुसार ग्रामीण दारिद्र्य २५.७ टक्के व शहरी १३.७ टक्के होते. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीने २०१४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे ३०.९ व २६.४ टक्के दिली. ग्रामीण आकडा सुमारे एक पंचमांशाने वाढला, तर शहरी आकडा जवळजवळ दुप्पट झाला. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात २०१९-२१ चे शहरी प्रमाण ५.२७ टक्के आहे. परंतु त्यातील घराचा निकष जमीन, भिंती व छप्पर यांपुरता आहे. भाडे किंवा बेदखल होण्याची भीती त्यात येत नाही.

धोरणातही हीच विषमता दिसते. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा मुख्यतः ग्रामीण भागासाठी होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबास १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तर त्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यात १२५ दिवसांची तरतूद आहे. तोही ग्रामीण भागापुरताच आहे. १९९७ च्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत असा कायदेशीर हक्क नव्हता. बहुसंख्य गरीब खेड्यांत असल्याने ग्रामीण भागास प्राधान्य देणे समर्थनीय आहे; परंतु प्राधान्य म्हणजे दुसऱ्याला वगळणे नव्हे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी निघालेल्या मजुरांनी हा फरक देशासमोर आणला.

चीन : नोंदणीची भिंत

चीनने १९५८ च्या 'हुकोउ' कुटुंबनोंदणी व्यवस्थेद्वारे हे ओसंडणेच रोखून धरले. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे मजूर शहरांत आले, पण त्यांची नोंद गावीच राहिली. 'दिबाओ' या किमान निर्वाह साहाय्याचे नियम शहरांसाठी १९९९ मध्ये आले. ग्रामीण भागात त्याचा देशव्यापी विस्तार २००७ मध्ये झाला. हे साहाय्य नोंदणीच्या ठिकाणाशी बांधलेले असल्याने स्थलांतरित मजूर बहुधा शहरातील लाभापासून दूर राहिला. २०१४ मध्ये कृषी व बिगरकृषी नोंदणीतील भेद रद्द करण्याचे धोरण जाहीर झाले, तरी मोठ्या शहरांतील प्रवेशाच्या अटी कायम राहिल्या.

२०१२ च्या अखेरीस गरीब असलेले ९ कोटी ८९ लाख ९० हजार ग्रामीण लोक दारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये केली. रस्ते, घरे, शाळा व कुटुंबनिहाय पाठपुरावा यांमुळे हे यश अनन्यसाधारण आहे, यात शंका नाही. तथापि, २०१० च्या किमतींनुसार २३०० युआन वार्षिक उत्पन्नाची ही रेषा केवळ ग्रामीण होती. शहरांसाठी तशी राष्ट्रीय रेषा नव्हती. जे मोजलेच नाही, ते संपल्याचे सांगता येत नाही.

समारोप

भारताने स्थलांतराची मुभा दिली, पण हक्क गावाशी बांधले. चीनने आधी स्थलांतर रोखले आणि नंतर हक्क नोंदणीत अडकवले. मार्ग भिन्न असले तरी दोन्हीकडे वंचित राहिला तो या दोन रकान्यांच्या मधला माणूस. २०१९ पासून राबविलेली 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना हक्क माणसासोबत नेण्याच्या दिशेचे योग्य पाऊल आहे; परंतु ते धान्यापुरते आहे. काम, निवारा व आरोग्य यांचे हक्कही असेच माणसासोबत गेले पाहिजेत आणि शहरी रेषेत भाड्याचा वास्तव खर्च धरला गेला पाहिजे. तोपर्यंत ग्रामीण व नागरी दारिद्र्याच्या आकड्यांची नुसती तुलना करून काढलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावे लागतील.